पोटभर खाऊनही उपाशी



पावसाळा तोंडावर आला की गावोगावी रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या छाटण्याचे काम सुरू होते. फांदीबरोबर खारीचे घरटे खाली येते आणि त्यातली, अजून डोळेही न उघडलेली पिल्ले मातीत पडतात. जुने झाड कोसळले की ढोलीतली पोपटाची किंवा पिंगळ्याची पिल्ले उघड्यावर येतात. पश्चिम महाराष्ट्रात उसाची तोडणी चालू असताना फडात बिबट्याची पिल्लेही सापडतात.

अशा वेळी कोणीतरी दयाळू माणूस पिल्लू उचलून घरी आणतो. बोळ्याने त्याला गाईचे दूध पाजतो. पिल्लू चुटूचुटू दूध पिते, त्याचे पोट टम्म होते आणि घरातल्या सर्वांना हायसे वाटते. पण दोन-तीन आठवड्यांनी पिल्लू मलूल होते, मागचे पाय ओढू लागते आणि एके दिवशी दगावते. घरचे लोक म्हणतात, “काय झाले कोण जाणे! खात तर चांगले होते.”

हे “खात तर चांगले होते” वाक्य नीट लक्षात ठेवा. भूक भागणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोट भरले की भूक भागते. पोषण मात्र त्या अन्नात काय आहे आणि किती आहे, यावर ठरते. चुकीच्या अन्नाने पोट भरलेले पिल्लू खरे म्हणजे उपाशीच असते. ही उपासमार कशी होते आणि ती वेळीच कशी ओळखायची, ते आता पाहू.

दूध सारे पांढरे, पण एकसारखे नव्हे

दूध म्हणजे पूर्णान्न, असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण कोणाचे दूध आणि कोणासाठी, हे त्यात सांगितलेले नसते. गाईचे दूध वासरासाठी आहे. पुढील कोष्टक पाहा. १०० ग्रॅम दुधात कोणता घटक सुमारे किती ग्रॅम असतो, ते त्यात दिले आहे.

गाय : स्निग्ध पदार्थ ४, प्रथिने ३, शर्करा ५
कुत्री : स्निग्ध पदार्थ ९, प्रथिने ८, शर्करा ४
ससा : स्निग्ध पदार्थ १३, प्रथिने १२, शर्करा २
अमेरिकेतील करडी खार : स्निग्ध पदार्थ २५, प्रथिने ७, शर्करा ४

उत्तर अटलांटिक महासागरातील हूड सील या प्राण्याचे दूध तर याहून आश्चर्यकारक. त्यात सुमारे ६० टक्के स्निग्धांश असतो. सीलची मादी बर्फावर पिल्लाला जेमतेम चार दिवस पाजते आणि तेवढ्यात त्याचे वजन दुप्पट होते. ज्या प्राण्याचे जीवन जसे, तसे त्याच्या आईचे दूध.

आता थोडे गणित करू. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९ किलोकॅलरी उष्णता मिळते, तर एक ग्रॅम प्रथिनापासून किंवा शर्करेपासून सुमारे ४. या हिशेबाने १०० ग्रॅम गाईच्या दुधातून मिळतात ३६ + १२ + २०, म्हणजे ६८ किलोकॅलरी. करड्या खारीच्या तेवढ्याच दुधातून मिळतात २२५ + २८ + १६, म्हणजे २६९. जवळजवळ चौपट!

तुम्ही म्हणाल, मग गाईचे दूध चौपट पाजावे! पण पिल्लाचे जठर केवढेसे असते? लहान पिल्लाच्या जठरात एका वेळी त्याच्या वजनाच्या सुमारे विसाव्या भागाइतकेच अन्न सुखाने मावते. २० ग्रॅम वजनाच्या पिल्लाच्या बाबतीत हे अवघे एक ग्रॅम झाले. त्याहून जास्त पाजले तर पोट फुगते, अन्न उलटून नाकातोंडात येते आणि श्वासनलिकेत शिरते.

शिवाय दुसरी एक अडचण आहे. चौपट दूध पाजले तर शर्कराही चौपट जाईल, म्हणजे ४ ग्रॅमच्या जागी २०. दुधातली ही शर्करा पचवण्यासाठी आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर लागते. खारीच्या पिल्लाजवळ ते स्वतःच्या आईच्या दुधापुरतेच असते. न पचलेली शर्करा आतड्यात पाणी ओढून घेते, जिवाणू ती आंबवतात, वायू होतो आणि हगवण लागते. पोट टम्म दिसते ते दुधाने आणि वायूने. पुष्कळदा दूध पातळ करून पाजले जाते. त्याने तर उष्मांक आणखीच घटतात.

पक्ष्यांच्या पिल्लांना दूध हे अन्नच नव्हे. दुधातली शर्करा पचवण्याची सोय त्यांच्या आतड्यात नसते. कबुतरे आणि होले पिल्लांना “दूध” भरवतात असे आपण म्हणतो, पण ते गळ्याजवळच्या अन्नपिशवीच्या अस्तरापासून तयार होते. त्यात प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ भरपूर असतात, दुधातली शर्करा नसते.

हाडांची पेढी

उष्मांक कमी पडले तर पिल्लू वाळते आणि निदान डोळ्यांना दिसते तरी. दुसरी उपासमार याहून फसवी असते. तिच्यात वजन वाढत राहते, पिल्लू गुबगुबीत दिसते आणि आतून हाडे पोखरली जातात.

शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. पण राहिलेल्या एका टक्क्यावाचून जीव एक क्षणही राहू शकत नाही. स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश, हृदयाचे ठोके ही सारी कामे रक्तातल्या कॅल्शियमवर चालतात. म्हणून रक्तातले त्याचे प्रमाण शरीर फार काटेकोरपणे सांभाळते. सस्तन प्राण्यांत ते १०० मिलिलीटर रक्तद्रवात सुमारे १० मिलिग्रॅम असते.

अन्नातून कॅल्शियम कमी आले तर काय होते? मानेतल्या चिमुकल्या परावटू ग्रंथी एक संप्रेरक सोडतात आणि त्याच्या हुकमाने हाडांतले कॅल्शियम रक्तात उतरू लागते. हाडे म्हणजे जणू कॅल्शियमची पेढी. पगार थांबला की आपण पेढीतली शिल्लक काढून घर चालवतो, तसेच हे. मोठ्या प्राण्याची शिल्लक मोठी असते. पिल्लाच्या पेढीत मात्र शिल्लक थोडी आणि रोज नवे हाड बांधायचा खर्च मोठा. त्यामुळे ते लवकर दिवाळखोर बनते. जे पिल्लू जितके झपाट्याने वाढते, तितका त्याला धोका अधिक.

या हिशेबात फॉस्फरसचाही वाटा असतो. पिल्लाच्या अन्नात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम निदान तेवढेच, आणि शक्यतो दीडपट ते दुप्पट असावे लागते. फॉस्फरस फार झाला तर कॅल्शियम नीट शोषले जात नाही आणि परावटू ग्रंथी अधिकच चेतवल्या जातात. आता आपण पिल्लांना काय भरवतो ते पाहा. शेंगदाण्यात कॅल्शियमच्या सुमारे चौपट फॉस्फरस असतो, सूर्यफुलाच्या बियांत सुमारे आठपट आणि नुसत्या मांसात किंवा खिम्यात पंधरा ते वीसपट. म्हणजे खार शेंगदाण्यांवर, पोपट सूर्यफुलाच्या बियांवर आणि पिंगळ्याचे पिल्लू खिम्यावर वाढवले, तर तिघांचीही हाडे कच्ची राहणार.

तुम्ही विचाराल, पिंगळा रानात मांसच खातो ना? मांस खातो, पण नुसते मांस खात नाही. त्याचे आईबाप त्याला किडे, पाली आणि उंदीर आणून देतात. सबंध उंदरात मांसाबरोबर हाडेही असतात, यकृतातली जीवनसत्त्वे असतात. त्यामुळे सबंध उंदरात कॅल्शियम फॉस्फरसहून कमी पडत नाही. खाटकाकडून आणलेल्या स्वच्छ खिम्यात नेमकी हाडेच नसतात.

लंडनमधले छावे आणि आफ्रिकेतली गिधाडे

ही गोष्ट माणसाला पहिल्यांदा ठळकपणे कळली ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात. एकोणिसाव्या शतकात तेथे सिंहाचे छावे जन्मत, पण मुडदूस होऊन मरत. मुडदूस म्हणजे हाडे मऊ पडून वाकण्याचा रोग. जॉन ब्लँड-सटन या शल्यविशारदाने १८८९ च्या सुमारास त्यांच्या अन्नाकडे लक्ष वेधले. छाव्यांना म्हाताऱ्या घोड्यांचे मांस मिळे. त्यात चरबी फारशी नव्हती आणि घोड्याची हाडे छाव्यांच्या दातांना फुटत नव्हती. त्याने शेळीचे मांस, कुटलेली हाडे, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल सुरू करायला सांगितले. छावे सुधारले आणि वाढले. ड जीवनसत्त्वाचे नावही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. ते या तेलात असते आणि त्याच्यावाचून आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही, हा उलगडा पुढे १९२० नंतरच्या काही वर्षांत झाला.

पुष्कळ प्राणी आपल्या कातडीत सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांच्या मदतीने ड जीवनसत्त्व तयार करतात. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. म्हणून काचेआड “उन्हात” ठेवलेल्या पिल्लाला ऊब मिळते, जीवनसत्त्व मिळत नाही. मांजर आणि कुत्रा यांच्या कातडीत तर ही क्रिया फारच थोडी होते. त्यांना ते अन्नातूनच मिळावे लागते.

रानातही असा प्रसंग येऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेत केप गिधाडाच्या काही वसाहतींत वाकड्या आणि मोडक्या पंखांची पिल्ले आढळू लागली. पीटर मंडी आणि जॉन लेजर यांनी १९७६ मध्ये त्याचे कारण मांडले. गिधाडाला मोठे हाड फोडता येत नाही. तरसांनी फोडलेल्या हाडांचे तुकडे वेचून ते पिल्लांना देते. पशुपालनाच्या मुलखातून तरस नाहीसे झाले होते. पिल्लांना मांस मिळत होते, हाडांचे तुकडे मिळत नव्हते. गिधाडांसाठी कुटलेली हाडे टाकायला सुरुवात केल्यावर अशा पिल्लांचे प्रमाण घटले.

थोडक्यासाठी मोठे नुकसान

काही घटक अगदी थोडे लागतात, पण नसले तर मोठा घात होतो. १८९० च्या सुमारास जावा बेटावरील बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, येथे ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टराच्या कोंबड्यांना पक्षाघातासारखा रोग झाला. काही काळ त्यांना लष्करी रुग्णालयातला सडलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. सडलेला म्हणजे कांडून पांढरा केलेला. असडीक तांदूळ दिल्यावर त्या बऱ्या झाल्या. तांदळाच्या कोंड्यातले ब-१ जीवनसत्त्व त्यांना मिळत नव्हते. या शोधासाठी आइकमन यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या रोगात पक्ष्याची मान मागे वळते आणि चोच आकाशाकडे होते. नुसत्या पांढऱ्या भातावर किंवा पावावर वाढवलेल्या पक्ष्याच्या पिल्लाने अशी मान टाकली, तर हे जीवनसत्त्व आठवावे.

मार्जारकुळाची कहाणी वेगळी. टॉरिन नावाचा एक पदार्थ बहुतेक सस्तन प्राणी शरीरात तयार करतात. मांजराला तो पुरेसा तयार करता येत नाही. तो मांसात भरपूर असतो आणि गाईच्या दुधात नावापुरता. टॉरिन न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यातील दृष्टिपटल झिजते, हे १९७५ मध्ये सिद्ध झाले. त्याच्या अभावी हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे १९८७ मध्ये कळले. बिबट्या याच कुळातला. म्हणून बिबट्याचे पिल्लू केवळ गाईच्या दुधावर ठेवणे म्हणजे त्याची दृष्टी पणाला लावणे होय.

पिल्लाकडे कसे पाहावे?

प्राण्याला बोलता येत नाही, पण त्याचे शरीर बोलत असते. पाहणाऱ्याने क्रमाने पाहिले पाहिजे.

पहिले साधन तराजू. पिल्लाचे वजन रोज एकाच वेळी, अन्न देण्यापूर्वी करतात आणि त्याचा आलेख काढतात. रेघ रोज थोडी वर चढली पाहिजे. दोन-तीन दिवस ती आडवी राहिली तर काहीतरी बिघडले आहे. फुगलेल्या पोटावर विश्वास ठेवू नये. पाठीचा कणा आणि कमरेची हाडे हाताला टोचत असतील, पक्ष्याच्या छातीचे मधले हाड सुरीच्या धारेसारखे लागत असेल, तर पोट कितीही मोठे असले तरी पिल्लू उपाशी आहे.

दुसरे, पाण्याची स्थिती. मानेवरची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली की ती लगेच जागेवर बसली पाहिजे. ती उभीच राहिली, डोळे खोल गेले, तोंड आतून चिकट लागले, तर शरीरातले पाणी घटले आहे. विष्ठा पातळ असेल तर त्याचे कारणही तेथेच सापडते.

तिसरी आणि फार महत्त्वाची खूण चालीची. हाडांची शिल्लक संपत आल्याचे सर्वांत आधी वागण्यातून कळते. काल पडद्यावर चढणारे खारीचे पिल्लू आज चढत नाही. उडी मारायला कचरते. पकडले तर ओरडते. नुसते बसून राहते. घरचे म्हणतात, “किती शहाणे झाले, आता दंगा करत नाही!” तो शहाणपणा नसतो, ती वेदना असते. पुढे मागचे पाय ओढले जातात, सांधे सुजल्यासारखे दिसतात, जबडा मऊ पडतो, अंग थरथरते, झटके येतात. हाडातले जवळजवळ एक तृतीयांश खनिज गेल्याशिवाय क्ष-किरणांच्या छायाचित्रातही हे नीट दिसत नाही. म्हणून यंत्राआधी निरीक्षण हवे.

चौथी खूण पिसांची. पिल्लाची शेपटीची पिसे एकाच वेळी वाढतात. एखादा दिवस अन्न तुटले तर त्या दिवशी वाढलेल्या भागात दोष राहतो. मग सगळ्या पिसांवर एकाच पातळीवर फिकट, पारदर्शक रेघ उमटते. पीस म्हणजे पिल्लाची रोजनिशीच! पुढे त्याच रेघेवर पीस मोडते. मोडलेले पीस पुन्हा जोडले जात नाही. पिसे झडून नवी येईपर्यंत पक्षी नीट उडू शकत नाही. उडता न येणाऱ्या पक्ष्याला रानात सोडणार कसे?

यातली एकेक खूण दुसऱ्या आजारातही दिसू शकते. म्हणून औषध ठरवणे हे पशुवैद्याचे काम. कॅल्शियमच्या गोळ्या अंदाजाने चारणे किंवा ड जीवनसत्त्वाचे थेंब मनाने पाजणे धोक्याचे आहे. हे जीवनसत्त्व जास्त झाले तर मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचते.

आधी ऊब, शेवटी अन्न

पिल्लू सापडताच त्याच्या तोंडात काहीतरी घालण्याची घाई आपल्याला होते. तेथेच पहिली चूक घडते. गारठलेल्या पिल्लाची आतडी हालत नाहीत. त्यात गेलेले अन्न पचत नाही, तसेच पडून आंबते. म्हणून आधी ऊब, मग शरीरातले पाणी भरून काढणे आणि सर्वांत शेवटी अन्न, असा क्रम जाणकार पाळतात. त्यांतली ऊब मात्र तुम्ही लगेच देऊ शकता. पुठ्ठ्याच्या खोक्याला हवेसाठी भोके पाडा, आत मऊ फडके घाला, फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली एका बाजूला ठेवा आणि खोके शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. माकड, वटवाघूळ किंवा चावण्यासारखा दुसरा कोणताही प्राणी असेल तर मुलांनी हात लावूच नये, मोठ्या माणसांना सांगावे.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. हे पिल्लू खरेच पोरके आहे का? पिसे फुटलेले, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारे बुलबुलाचे पिल्लू बहुधा उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच्या झुडपात चोचीत किडा धरून वाट पाहत असतात. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, ही समजूत खरी नाही. घरट्यातून पडलेले धडधाकट पिल्लू परत घरट्यात ठेवता येते. खारीची आईही उबदार पिल्लाला तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. तिला थोडा वेळ आणि शांतता हवी. जुन्नर भागात उसात सापडलेली बिबट्याची पिल्ले पशुवैद्याकडून तपासून घेऊन, सापडली तेथेच रात्री ठेवली जातात आणि मादी येऊन त्यांना घेऊन जाते, असे वनखात्याने आणि वन्यजीव कार्यकर्त्यांनी अनेकदा घडवून आणले आहे. वर सांगितलेला उष्मांकांचा, कॅल्शियमचा, टॉरिनचा सारा हिशेब आई न शिकता अचूक सांभाळते.

आई येतच नसेल तर पिल्लू वनखात्याच्या किंवा मान्यताप्राप्त बचावकेंद्राच्या स्वाधीन करावे. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. वन्य प्राणी घरी पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. या बंदीमागे कोणते शास्त्र आहे, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

पिल्लू सुपूर्द करताना एक कागद मात्र आठवणीने सोबत द्या. पिल्लू कोठे आणि केव्हा सापडले, त्याला काय, किती आणि किती वेळा भरवले, विष्ठा कशी होती, काल ते काय करत होते आणि आज काय करत नाही, हे सारे त्यात लिहा. दूध पाजले असेल तर तेही न लपवता लिहा. उपचार करणाऱ्या पशुवैद्याला अशा कागदाचा फार उपयोग होतो. आणि पिल्लाजवळ जो कोणी असेल त्याने रोज “आज किती खाल्ले?” एवढेच न विचारता “आज वजन किती भरले आणि चढले-उतरले कसे?” हेही विचारावे.